मुंबईत कलादालनं बघायला निघताय? आधी वार बघा

पहिल्यांदाच जाणार असाल तर रविवार टाळा. कुलाबा-फोर्टमधली बहुतेक खाजगी दालनं तेव्हा बंद असतात. राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय सोमवारी बंद. बुधवार ते शुक्रवार उत्तम. सुरुवात काळा घोडा भागातल्या जहांगीर कलादालनापासून करा. 1952 सालचं हे दालन, प्रवेश मोफत, वेळ 11 ते 7. इथली प्रदर्शनं साधारण मंगळवार ते सोमवार अशी आठवडाभरच टिकतात, म्हणून मंगळवारी सकाळी गेलात तर मांडामांड चाललेली दिसण्याची शक्यता जास्त.

खाजगी दालनं बहुधा जुन्या इमारतींत, वरच्या मजल्यांवर असतात. बेल वाजवायला अजिबात संकोचू नका, विकत घ्यायची अट नसते! टिपणपत्र, म्हणजे प्रदर्शनाची माहिती देणारा कागद, मागून घ्या. आधी चित्र बघा, मगच ते वाचा. उलट केलंत तर डोळा तेवढंच शोधत बसतो. लेबलाशेजारचा लाल ठिपका म्हणजे चित्र विकलं गेलं. एका दिवसात तीन-चार दालनं पुष्कळ झाली.

भित्तिचित्रांसाठी वांद्र्याच्या चॅपल रोडला सकाळी लवकर जा. नंतर चित्रांपुढे गाड्या उभ्या राहतात. तिथे माणसं राहतात, त्यांच्या दारा-खिडक्यांचे फोटो नकोत. पावसाळ्यात ओल धरून रंगाचे पोपडे निघतात, भिंती पुन्हा रंगवल्याही जातात. त्यामुळे जुन्या फोटोंवर विसंबू नका.