‘सर’ नावाला लागतं, आडनावाला नाही

प्रश्न : माझ्या लेखात मी ‘सर भांडारकर’ असं लिहिलं होतं. संपादकांनी ते खोडून ‘सर रामकृष्ण’ केलं. एवढ्या मोठ्या विद्वानाचा असा नुसत्या नावाने उल्लेख करणं बरं दिसतं का? (सांगली)

उत्तर : तुमचा संकोच मला पटतो. आपल्याकडे थोरामोठ्यांचं नुसतं नाव घेत नाहीत. राव, पंत काहीतरी जोडतो, नाहीतर आडनावावर थांबतो. पण संपादक बरोबर आहेत. ब्रिटिश पद्धतीत हा किताब घराण्याला नव्हे, त्या एका माणसाला मिळतो, म्हणून तो त्याच्या स्वतःच्या नावाला चिकटतो. न्यूटनला ‘सर आयझॅक’ म्हणतात, ‘सर न्यूटन’ कधीच नाही. भांडारकरांना के.सी.आय.ई. (‘ऑर्डर ऑफ द इंडियन एम्पायर’ या ब्रिटिश सन्मानातली एक पायरी) हा किताब १९११ साली मिळाला, तेव्हापासून ते ‘सर रामकृष्ण गोपाळ भांडारकर’. पहिल्यांदा पूर्ण नाव लिहावं, पुढे ‘सर रामकृष्ण’. जीभ रेटत नसेल तर सरळ ‘डॉ. भांडारकर’ लिहा, त्यात काहीच उणं नाही. ‘सर’ आणि पुढे फक्त आडनाव, हे मात्र टाळाच.

पुण्याच्या एसपी कॉलेजचं पूर्ण नाव आठवा : सर परशुरामभाऊ महाविद्यालय. जमखंडीच्या पटवर्धनांच्या देणगीतून हे नाव आलं, पण ते ‘सर पटवर्धन’ झालं नाही. आपल्या आधीच्या पिढ्यांना हा नियम चांगला ठाऊक होता. शाळेतले ‘जोशी सर’ हा प्रकार वेगळा. तो किताब नाही, हाक आहे, आणि म्हणूनच तो आडनावाच्या मागे बसतो.

प्रश्न : रतन टाटांना ब्रिटनने नाइटहूड दिलं होतं. मग ‘सर रतन टाटा ट्रस्ट’ त्यांच्याच नावाचा ना? (ठाणे)

उत्तर : नाही, आणि ही गल्लत छापील मजकुरातही सापडते. ट्रस्ट १९१९ चा आहे. तो जमशेटजींचे धाकटे चिरंजीव रतनजी यांच्या नावाचा. त्यांना १९१६ साली किताब मिळाला आणि १९१८ मध्ये ते वारले. पुढे त्यांच्या पत्नी नवाजबाईंनी नवल यांना दत्तक घेतलं. आपण पाहिलेले रतन टाटा हे त्या नवल टाटांचे पुत्र.

या दुसऱ्या रतन टाटांना २००९ आणि २०१४ साली मिळालेले ब्रिटिश सन्मान मानद होते. ब्रिटनचा राजा ज्या देशाचा राष्ट्रप्रमुख नाही, तिथल्या नागरिकाला असाच मानद सन्मान मिळतो, आणि तो मिळालेला माणूस ‘सर’ लावत नाही. बिल गेट्सही लावत नाहीत. म्हणून अलीकडचे ते ‘रतन टाटा’ आणि आधीचे ते ‘सर रतन टाटा’. एका ‘सर’मुळे दोन माणसं वेगळी ओळखू येतात, तेव्हा तो जपून वापरायला हवा.

प्रश्न : ‘सर’च्या पत्नीला काय म्हणायचं? आणि बाईला स्वतःला किताब मिळाला तर? (नाशिक)

उत्तर : पत्नी ‘लेडी’, आणि इथे नियम उलटतो : लेडीपुढे आडनाव येतं. सर दोराबजींच्या पत्नी मेहरबाई या ‘लेडी टाटा’. त्यांच्या स्मरणार्थ काढलेला ट्रस्टही लेडी टाटांच्याच नावाने आहे. काटेकोर ब्रिटिश रिवाजात लेडीपुढे स्वतःचं नाव आलं तर ती अर्ल किंवा त्याहून वरच्या उमरावाची मुलगी समजतात.

मात्र मुंबईने आपली वाट काढली. माहीमचा एल. जे. रोड म्हणजे लेडी जमशेटजी रोड. सर जमशेटजी जीजीभाय हे १८४२ साली नाइट झालेले पहिले भारतीय. त्यांच्या पत्नी आवाबाई यांच्या पैशातून माहीमचा कॉजवे बांधला गेला, १ लाख ५७ हजार रुपयांतून, आणि १८४५ मध्ये तो खुला झाला. नियमाने त्या ‘लेडी जीजीभाय’ व्हायला हव्या होत्या. पाटीवर पतीचं नाव आलं, आणि ज्या बाईने पैसा दिला तिचं ‘आवाबाई’ हे नाव बसच्या तिकिटापर्यंत कधी पोचलंच नाही. मला याचं फार वाईट वाटतं.

बाईला स्वतःच्या कर्तृत्वाने किताब मिळाला तर ती ‘डेम’, पुढे तिचं स्वतःचं नाव. तिच्या नवऱ्याला त्यातून काही मिळत नाही.

प्रश्न : गोखल्यांच्या नावामागे सी.आय.ई. दिसतं. मग ते ‘सर गोपाळ कृष्ण’ का नाहीत? (रत्नागिरी)

उत्तर : ‘ऑर्डर ऑफ द इंडियन एम्पायर’ या सन्मानाच्या तीन पायऱ्या होत्या. वरच्या दोन, जी.सी.आय.ई. आणि के.सी.आय.ई., यांनाच ‘सर’ लागे. सी.आय.ई. ही खालची पायरी. गोखल्यांना १९१४ मध्ये वरची पायरी देऊ केली होती, ती त्यांनी नाकारली. चरित्रात हा नकार अवश्य लिहावा. रवींद्रनाथांनी १९१५ साली ‘सर’ स्वीकारलं आणि जालियनवाला बागेनंतर, १९१९ मध्ये, ते सोडत असल्याचं व्हाइसरॉयना कळवलं. त्यामुळे १९१९ नंतरच्या प्रसंगांत त्यांना ‘सर’ म्हणणं त्यांच्या निर्णयाचा अनादर आहे.

प्रश्न : सरदार, सरनौबत यांतला ‘सर’ हाच का? (बेळगाव)

उत्तर : नाही. आपला ‘सर’ फारसी, अर्थ डोकं किंवा प्रमुख. इंग्रजी ‘सर’ लॅटिनमधल्या ‘वडीलधारा’ या अर्थाच्या शब्दातून फ्रेंचमार्गे आला. उच्चार तेवढा जुळला.

प्रश्न : आज भारतीय नागरिकाला ‘सर’ होता येईल का? (पुणे)

उत्तर : संविधानाचं अनुच्छेद १८ नागरिकाला परदेशी राज्याचा किताब घेऊ देत नाही. सरकारही किताब देऊ शकत नाही; अपवाद लष्करी आणि शैक्षणिक पदव्यांचा. पद्म पुरस्कार किताब ठरत नाहीत, पण ते नावाच्या पुढेमागे लावू नयेत, असं सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं आहे. तेव्हा कार्यक्रमाच्या पत्रिकेत ‘पद्मश्री अमुक’ छापू नका. पाहुण्यांचं नाव मोकळं लिहा आणि पुरस्काराची गोष्ट परिचय करून देताना सांगा.