पुरुषांना बायकांच्या अंगावरचा कोणता सुगंध आवडतो?

सगळ्यांनाच आवडेल असा एक परफ्यूम नसतोय बघा, पण व्हॅनिला, मोगरा, चंदन असले मऊ वास बऱ्याच जणांना आवडतात, मला विचाराल तर मोगराच भारी. आता आपल्या सोलापुरात मे महिन्यात पारा 42-43 ला टेकतो, त्या उन्हात व्हॅनिला नाहीतर ऊद (अगरूच्या लाकडाचा वास) असलं जड काही मारून नवी पेठेत फिरलात तर शेजारच्याचं डोकंच उठणार, म्हणून दिवसा लिंबू-संत्र्याचा वास किंवा सरळ वाळ्याचं अत्तर, जडवाले जानेवारीत गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेला जाताना काढा. ओ द परफ्यूम म्हणजे जरा कडक परफ्यूम, त्यात सुगंधी तेल साधारण 15-20 टक्के असतं, म्हणून दोन फवारे बास झाले, मानेला आणि मनगटाला. आणि घामावर तर मारूच नका, आधी आंघोळ (हे पुरुषांनापण लागू).