अळिंबी ओळखायला शिकताय? आधी बूड बघा

पहिलं वर्ष खाण्याचा विचारच नको, नुसतं बघायचं. हात लावल्याने विषबाधा होत नाही, तेव्हा बिनधास्त हाताळा. मात्र देठ वरून खुडू नका. चाकूने माती सैल करून बुडासकट उचला. डेथ कॅप या जीवघेण्या अळिंबीच्या बुडाशी पांढरी पिशवी असते, बहुधा पाचोळ्याखाली दडलेली. खुडलंत की नेमकी खूणच जमिनीत राहिली.

घरी आल्यावर देठ कापा, टोपीची पापुद्र्यांची बाजू खाली करून अर्धी पांढऱ्या, अर्धी काळ्या कागदावर ठेवा आणि वर वाटी झाका. सकाळपर्यंत बीजाणूंचा, म्हणजे अळिंबीच्या बियांसारख्या बारीक भुकटीचा, ठसा उमटतो. कुरणातल्या खाद्य अळिंबीचा चॉकलेटी, डेथ कॅपचा पांढरा. म्हणून तर काळा कागद.

ॲपने सांगितलेलं नाव म्हणजे निव्वळ अंदाज. किड्यांनी खाल्लेली चालते, सोबत शिजवलेली चांदी काळी पडली तरच विषारी, या थापा. डेथ कॅपचं विष शिजवूनही जात नाही. उलट्या-जुलाब सहा-बारा तासांनी, कधी त्याहून उशिरा सुरू होतात; मग जरा बरं वाटतं, पण आत यकृत निकामी होत असतं.

नमुने कागदी पिशवीत वेगवेगळे ठेवा, प्लॅस्टिकमध्ये लगदा होतो. आणि कुठल्या झाडाखाली सापडली, ते तिथेच लिहून घ्या.