कॅम्पर व्हॅनने दूर असताना गावाकडे पूर किंवा वादळ आलं, तर लगेच माघारी फिरायचं का?

तुम्ही लिहिलंय की जूनमध्ये महिनाभरासाठी कॅम्पर व्हॅन घेऊन हिमाचलला निघायचंय. घर जळगाव जिल्ह्यात सावद्याकडे, मागे केळीची बाग आणि थकलेले आईवडील. अशात गावाकडे काही झालं तर तसंच माघारी फिरायचं का, आणि निघण्याआधी काय करून ठेवायचं, असा तुमचा प्रश्न आहे.

मी चाळीसगाव तालुक्यातली. ३१ ऑगस्ट २०२१ ला हे आमच्यावर आलं. त्यावरून सांगते, लगेच गाडी वळवू नका. आणि निघण्याआधी घरातल्या सगळ्या कुलपांच्या किल्ल्या मागे राहणाऱ्या माणसाच्या हातात द्या. दुसरी गोष्ट किरकोळ वाटेल, पण आमचा बैल त्याच्यापायी गेला.

आमची गाडी म्हणजे जुनी ट्रॅव्हलर. सीट काढून आत पलंग, ओटा, १२० लिटरची पाण्याची टाकी, टपावर सोलर असं सगळं करून घेतलेलं. हे निवृत्त झाले त्या वर्षी घेतली. त्या रात्री गोकुळाष्टमी होती आणि आम्ही दोघं विजापूरला एका पेट्रोल पंपाच्या आवारात गाडी लावून झोपलो होतो. कोरोनाचे दिवस, आरटीपीसीआरचा अहवाल दाखवून कर्नाटकात गेलेलो. विजापूरवरून जाणारा ५२ नंबरचा हायवेच पुढे सोलापूर, बीड, औरंगाबाद (आताचं छत्रपती संभाजीनगर), कन्नड घाट करत चाळीसगाववरून धुळ्याला जातो. आदल्या संध्याकाळी ह्यांनी रस्त्यावरच्या पाटीचा फोटो काढून पुतण्याला पाठवला होता, ‘आपल्या दारातला रस्ता’ म्हणून.

पहाटे साडेचारला त्याच पुतण्याचा फोन आला. “काकू, नदी गल्लीत आली. लाईट नाही. माझी बॅटरी आठ टक्के आहे.” मागून जेठांचा आवाज येत होता, मागचं फाटक, मागचं फाटक, असा. मग फोन बंद झाला.

गौताळ्याच्या डोंगरात रात्रभर पाऊस कोसळला होता. डोंगरी आणि तितूर दोन्ही नद्या एकदम भरून आल्या. त्या चाळीसगावात एकमेकींना मिळतात, त्यामुळे शहरातली बाजारपेठ पाण्यात गेली आणि काठाकाठच्या गावांमधली जनावरं वाहून गेली. एरवी या नद्यांना आम्ही नदी म्हणतो ते सवयीने. वर्षातले कितीतरी महिने पोरं त्यांच्या पात्रात क्रिकेट खेळतात. म्हणून कुणाच्या मनात भीती नव्हती.

ह्यांनी तोंडसुद्धा न धुता गाडी सुरू केली. सोलापूरपर्यंतचे शंभर किलोमीटर आम्ही एकमेकांशी एक शब्द बोललो नाही. गाडी इतकी पळवली की ओट्यावरचे डबे खाली आले. चहाला थांबलो तेव्हा टपरीवरच्या टीव्हीत कन्नड घाट दिसला. दरड कोसळून रस्ता बंद, चिखलात रुतलेले ट्रक, मागे रांगा. न थांबता गेलो असतो तर संध्याकाळी त्या रांगेच्या शेपटाला आमची साडेतीन टनांची गाडी जाऊन उभी राहिली असती. तिथून घरीही जाता आलं नसतं आणि माघारीही फिरता आलं नसतं.

घर चाकांवर असलं की एक गैरसमज होतो. आपलं अंथरूण-पांघरूण, चूल, पाणी सोबतच आहे, तेव्हा रात्रभर चालवून पोहोचू, असं वाटतं. पण ही गाडी उंच असते, वजन वरच्या बाजूला असतं, वारा तिला आडवा लागतो. फूटभर वाहतं पाणी छोटी कार तरंगवतं, दोन फूट पाणी मोठी गाडीसुद्धा ओढून नेतं. फरशी पुलावर पाणी किती आहे ते रात्री दिसत नाही. आणि मन गावाकडे लागलेला माणूस नीट गाडी चालवत नाही, हे मी शेजारच्या सीटवर बसून बघितलंय.

सकाळी अकराला शेजाऱ्यांच्या फोनवरून सासूबाई बोलल्या. “आप्पा, आम्ही बठ्ठा वर शेतस. तू गाडी दामटू नको, आठे रस्ताच नही शे.” म्हणजे आम्ही सगळे वर आहोत, इथे रस्ताच नाही. माणसं सगळी शाळेच्या गच्चीवर होती. हे ऐकल्यावर ह्यांनी गाडी बंद केली आणि स्टेअरिंगवर डोकं टेकलं. मग आम्ही तो अख्खा दिवस सोलापुरातच काढला. आजही मला वाटतं, त्या दिवशी आम्ही जे केलं ते घरी पोहोचून केलं असतं त्यापेक्षा जास्त उपयोगाचं होतं, कारण आमच्याकडे लाईट होती, रेंज होती, आणि गावात दोन्ही नव्हतं.

पहिलं काम म्हणजे निरोप जोडणं. मुंबईची नणंद, पुण्याचा भाचा, बडोद्याचे व्याही, सगळे एकाच वेळी गावात फोन लावत होते आणि ज्या एकदोन फोनांत जीव होता त्यांची बॅटरी संपवत होते. मी सगळ्यांना सांगितलं की गावात कुणी फोन लावू नका, मला लावा. गावाकडून दर तीन तासांनी एकच फोन येईल आणि मी सगळ्यांना कळवीन. दुसरं, मदतीसाठी १०७७ लावला तर सोलापूर जिल्ह्याचा नियंत्रण कक्ष लागला. हा नंबर तुम्ही उभे असाल त्या जिल्ह्याचा लागतो. दुसऱ्या जिल्ह्यातून लावताना आधी आपल्या जिल्ह्याचा एसटीडी कोड लावायचा. हे आम्हाला त्या दिवशी तिथल्याच माणसाने समजावलं. तुम्ही जळगावचा कोड, तहसील कार्यालयाचा नंबर, तलाठी, ग्रामसेवक, पोलीस पाटील यांचे नंबर आजच एका कागदावर लिहा आणि गाडीत चिकटवा.

संध्याकाळी पुतण्याचा फोन पुन्हा सुरू झाला तेव्हा हरण्याचं, म्हणजे आमच्या त्या बैलाचं, कळलं.

आमचा गोठा घराच्या मागे, सामायिक. पुढचं फाटक गल्लीत, मागचं फाटक टेकाडाच्या बाजूला. आम्ही नसताना चोरी होऊ नये म्हणून मागच्या फाटकाला मी निघताना कुलूप लावलं. वैरणपाण्याला सालदार पुढून यायचा, त्यामुळे त्या किल्लीची कुणाला गरज पडेल असं वाटलंच नाही. ती माझ्या जुडग्यात राहिली. रात्री पाणी आलं ते पुढून. जेठांनी आणि पुतण्याने जनावरांची दावी कापली, पण बाहेर काढायची वाट एकच उरली होती आणि तिला कुलूप होतं. अंधारात, कमरेइतक्या पाण्यात कुऱ्हाडीने फाटकाची बिजागरी तोडेपर्यंत गाय आणि एक बैल निघाला. हरण्या बुजून उलटा पुढच्या फाटकाकडे गेला. त्या वेळी ती किल्ली विजापुरात आमच्या गाडीच्या आरशाला लटकत होती. पोळा सहा दिवसांवर आला होता.

जेठ किंवा जेठाणी मला यावरून आजवर एक शब्द बोलले नाहीत. मीच सांगते आहे, कारण तुमच्याकडेही गोठा असेल, मोटारीची पेटी असेल, गोदाम असेल. विम्याची, औषधांची, टायरची यादी सगळे करतात. किल्ल्यांची यादी कुणी करत नाही.

किल्लीसोबत अधिकारही द्या. कुणीतरी एकच माणूस ठरवा, त्याला आईवडिलांसमोर सांगा की मी नसताना निर्णय तुझा. कुलूप तोड, जनावरं सोड, आईवडील नाही म्हणाले तरी उचलून ने, पैसे लागले तर विचारत बसू नको. आणि थोडे रोख पैसे त्याच्याकडे ठेवा. लाईट आणि टॉवर गेला की फोनवरून पैसे पाठवता येत नाहीत.

दुसऱ्या दिवशी रस्त्याची खात्री करून आम्ही औरंगाबादला आलो. घाट बंदच होता, म्हणून जेठांना विचारून देवगाव रंगारी, शिऊर बंगला, नांदगाव असं वळण घेतलं. निघण्याआधी ‘काय आणू?’ एवढंच विचारलं. त्यांनी कपडे, बिस्किटं यातलं काही मागितलं नाही. शेजारच्या गावांतून भाकरी आणि ठेचा पोत्यांनी येत होता. त्यांनी मागितली ढेप, कारण सगळ्या गावाचा कडबा वाहून गेला होता आणि वाचलेली जनावरं उपाशी होती. शिवाय पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर, ताडपत्र्या, बॅटऱ्या, गमबूट आणि फावडी. पलंग उभा करून आम्ही गाडीत सात पोती सरकी ढेप भरली.

आणि मग ती गाडी गावात बारा दिवस उभी राहिली. सासूबाई तिच्यात झोपल्या, कारण घरात गुडघाभर गाळ होता. सोलरवर गल्लीतले मोबाइल पाळीपाळीने चार्ज व्हायचे. संडासांचे शोषखड्डे गाळाने भरले होते, बायकांचे फार हाल होत होते. गाडीतला संडास मी शेजारच्या बायकांना आणि पोरींना मोकळा करून दिला. रोज टाकी रिकामी करायचं काम हे करायचे, तेही गावापासून लांब खड्डा करून. गाडी घेताना हे मनात नव्हतं. आपण उशिरा पोहोचलो याची जी टोचणी होती, ती त्या बारा दिवसांत थोडी कमी झाली.

आता कागदांचं. पुतण्याने एक शहाणपणा केला, गाळ काढायच्या आधी घराचे, शेताचे, भिंतीवरच्या पाण्याच्या खुणेचे फोटो काढले. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक पंचनाम्याला आले तेव्हा ते उपयोगी पडले. हरण्या दोन दिवसांनी खाली बाभळीच्या बनात सापडला. पशुवैद्यकीय डॉक्टरांनी बघून पंचनामा झाल्याशिवाय पुरायचं नाही, असं जेठांनी सगळ्या गल्लीला सांगितलं होतं. बैलाला तेव्हा शासनाची २५,००० रुपयांची मदत ठरलेली होती, आणि कागद नसला की ती मिळत नाही. त्याच्या कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी नंबर माझ्या फोनमधल्या एका जुन्या फोटोत होता. तुमच्या जनावरांचे असे फोटो काढून ठेवा.

कपाशी पाण्याखाली गेल्याची सूचना विमा कंपनीला ७२ तासांच्या आत द्यायची होती. आमची पावती गाडीतल्या फाइलमध्ये, म्हणजे पुन्हा तीच किल्लीची गोष्ट. सोलापुरातून फोटो पाठवला म्हणून जमलं. तुमच्या केळीला हवामानावर आधारित फळपीक विमा असेल तर वेगाच्या वाऱ्याच्या नुकसानीची सूचना कुणाला, किती वेळात आणि कशी द्यायची ते निघण्याआधी कृषी सहायकाकडून लिहून घ्या, कारण नियम बदलत असतात. पावती, सातबारा, पासबुक, आधार यांचे फोटो मागच्या माणसाच्या फोनमध्ये असू द्या. ई-पीक पाहणीचा, म्हणजे मोबाइलवरून पिकाची सरकारी नोंद करायचा, फोटो शेतात उभं राहूनच काढावा लागतो, तो हिमाचलातून होणार नाही. खरिपाची नोंद परत येऊन करायची की दुसऱ्याकडून करून घ्यायची, ते ठरवा.

एक मनापासून सांगू? जून नका धरू. रावेर, यावल, चोपड्याच्या पट्ट्यात वावधन, म्हणजे वादळी वारा, येतं ते मे-जूनमध्येच, आणि घडावर आलेली बाग अर्ध्या तासात आडवी होते. तुम्हीच बघितलं असेल. तुमची बाग कोणत्या अवस्थेत आहे मला माहीत नाही, पण कापणी झालेली असेल तेव्हा निघालात तर प्रवासात आभाळाकडे बघत बसावं लागणार नाही. घर तापीच्या काठाला असेल तर आणखी एक. आपल्याकडे ऊन असलं तरी वर बऱ्हाणपूरकडे आणि पूर्णेच्या खोऱ्यात पाऊस झाला की हतनूरचे दरवाजे उघडतात. धरणाला ४१ दरवाजे आहेत, किती उघडले त्यावर काठच्या माणसाने काय करायचं हे आईवडिलांना माहीत असेलच. नसेल तर त्यांना आणि मागच्या माणसाला ते समजावून द्या.

माघारी फिरायचंच असेल तर क्रम असा ठेवा. माणसं सुखरूप आहेत का ते कळेपर्यंत गाडी जागची हलवू नका. मग रस्ता उघडा आहे का ते गावच्या माणसाकडून ऐका, नकाशा बघून ठरवू नका. मग झोप काढा आणि उजाडल्यावर निघा. हिमाचलातून सावदा म्हणजे दोन-तीन दिवसांचा रस्ता आहे. घरात कुणाच्या जिवाचं बरंवाईट झालं असेल तर गाडी तिथेच कुणाकडे ठेवून रेल्वेने किंवा विमानाने या. भुसावळला दिल्लीकडून गाड्या आहेत. व्हॅन नंतर आणता येते.

आम्ही फिरणं सोडलेलं नाही. पुढच्या फेब्रुवारीत, कपाशी घरात आल्यावर, कोकणात गेलो. त्या पोळ्याला आमच्या दारात एकच बैल होता. शेजाऱ्यांनी त्यांचा एक आणून जोड लावली आणि सासूबाईंनी दोघांनाही पुरणपोळी भरवली. मागच्या फाटकाला आता कुलूप नाही, आतून-बाहेरून निघेल अशी कडी आहे. बाकीच्या सगळ्या किल्ल्या जेठाणीच्या डाळीच्या डब्यात असतात आणि हे गल्लीतल्या चार घरांना माहीत आहे. चोरीची भीती वाटते का म्हणाल, तर वाटते.