ऐकायला खोट्या वाटतात पण खऱ्या असतात, अशा इतिहास-भूगोलातल्या गोष्टी कोणत्या?

यादी देत बसत नाही, एकच सांगतो, कारण तिच्यापायी मी कॉलेजच्या क्विझची फायनल घालवलीये.

प्रश्न होता, पृथ्वीच्या केंद्रापासून सगळ्यात लांब असलेलं शिखर कोणतं. मी बझर दाबला, चिंबोराझो म्हणालो आणि क्विझमास्तर चक्क हसले. म्हणे एव्हरेस्ट! बोनस समोरच्या टीमला, आम्ही पाच मार्कांनी आउट. नंतर नकाशाचं पुस्तक घेऊन गेलो तर "परीक्षकांचा निर्णय अंतिम". आणि माझा पार्टनर आजही ऐकवतो की नसता शहाणपणा कशाला केलास, सगळे देतात ते उत्तर द्यायचं ना.

अरे पण पृथ्वी गरगरीत चेंडू आहे कुठे? स्वतःभोवती फिरून फिरून ती पोटाशी सुटलीये, विषुववृत्तावर त्रिज्या ६,३७८ किमी आणि ध्रुवावर ६,३५७, म्हणजे २१ किमीचा फरक. चिंबोराझो इक्वेडोरमध्ये, विषुववृत्तापासून दीडेक अंशावर, त्या सुटलेल्या पोटावरच बसलाय, आणि एव्हरेस्ट पार २८ अंशांवर. त्यामुळे समुद्रसपाटीपासून जेमतेम ६,२६३ मीटर असूनही त्याचा माथा केंद्रापासून ६,३८४ किमीवर जातो आणि ८,८४९ मीटरचं एव्हरेस्ट दोनेक किमी मागे पडतं. पायथ्यापासून मोजायचं म्हटलं तर दोघंही बाद, हवाईचा मौना केआ समुद्राच्या तळापासून १० हजार मीटरच्या वर आहे, फक्त अर्ध्याहून जास्त पाण्यात बुडालाय म्हणून कुणी विचारत नाही.

इतिहासातलं हवं असेल तर क्लिओपात्रा. गिझाचा मोठा पिरॅमिड इ.स.पू. २५६० च्या आसपासचा, ती वारली इ.स.पू. ३० मध्ये आणि माणूस चंद्रावर उतरला १९६९ ला. करा हिशोब, ती कुणाच्या जवळची ते.

हां, एव्हरेस्ट सगळ्यात उंच हे चूक नाहीये, समुद्रसपाटीपासून तेच. आणि धक्कादायक म्हणून फिरणारं सगळं खरं नसतं, चीनची भिंत चंद्रावरून दिसते ही शुद्ध थाप आहे. कुणी 'सगळ्यात उंच' म्हणालं की आधी विचारायचं, कुठून मोजलं? आमच्या प्रश्नात तर तेही सांगितलं होतं राव, ऐकून घ्यायचे कष्ट कुणी घेतले नाहीत.

पार्टनरला या उत्तराची लिंक पाठवलीये. उघडणार नाही तो, माहितीये मला.