आजीचं ‘बरं’

प्रिय मनू,

रविवारी आजीशी बोलून फोन ठेवला आणि मी म्हणाले, “आजी रुसली.” तू लगेच विचारलंस, “ती तर फक्त ‘बरं’ म्हणाली. ‘बरं’ म्हणजे ओके ना?” तेव्हा मी कुकरच्या शिट्ट्या मोजत होते, म्हणून आता लिहिते.

अर्थ ओकेच. पण दिवाळीला येत नाही म्हटल्यावर आलेलं ते ‘बरं’ आठव. आखूड, आणि खाली पडलेलं. शेजारच्या काकू काही सांगत असल्या की तीच आजी शेवट वर चढवून ‘बरंऽ?’ म्हणते, म्हणजे पुढे बोला. तू तिसऱ्यांदा लाडू मागितलास की ‘बरं बरं!’ लिहिताना लांबवलेल्या सुरासाठी आपण ऽ काढतो खरं, पण चढ की उतार ते त्यातून कळत नाही.

तुझी मैत्रीण मँडरिन चिनी बोलते ना? तिच्याकडे सूर बदलला की शब्दच बदलतो. उंच, सपाट ‘मा’ म्हणजे आई. खाली जाऊन वर आलेला ‘मा’ म्हणजे घोडा. मराठीत आईचा घोडा होत नाही, पण आईचा पारा किती चढलाय ते सुरावरून कळतं. ‘जेवलीस’ खाली सोडलं तर नुसतं सांगणं, वर उचललं तर प्रश्न. ‘का’ लावायचीही गरज नाही.

याला हेल म्हणतात. तो गावागावाचा वेगळा. मी नागपूरहून पुण्याला शिकायला आले तेव्हा मैत्रिणी माझ्या हेलाची नक्कल करायच्या. तोवर मला वाटायचं, हेल फक्त इतरांना असतो!

गाण्याच्या क्लासला ताई पेटी बंद करून तानपुऱ्यावर गायला लावतात, तू कुरकुरतेस. पेटीत कोमल गंधार या सुराला एका सप्तकात एकच पट्टी. दरबारी रागातला गंधार तिच्या किंचित खाली, आणि तिथेही झुलत राहतो. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींडही पेटीला जमत नाही. असल्याच तक्रारींवरून १९४० मध्ये भारतात रेडिओने पेटीवर बंदी घातली, ती तीसएक वर्षं टिकली. मला ते अतीच वाटतं, मी तुझ्या पणजोबांची पेटी ऐकत वाढले. पण तक्रार खोटी नव्हती.

आजीचं ‘बरं’ही असंच दोन पट्ट्यांच्या मधलं. शनिवारी तू आधी बोल. ‘हॅलो’ नको, ‘आजीऽऽ’ अशी हाक मार, शेवट वर नेऊन. ती मुद्दाम ‘कोण गंऽ?’ म्हणाली, तर रुसवा गेला समज.

तुझी,
आई