गुण्या हातात घेतलेला संत

प्रश्न : मी खानापूर तालुक्यात सुतारकाम करतो. एका चर्चचे बाक दुरुस्त करायला गेलो होतो. तिथल्या चित्रात एका दाढीवाल्या संताच्या एका हातात भाला आणि दुसऱ्या हातात गुण्या! तिथल्या बाई म्हणाल्या, हे थोमा, येशूचे शिष्य, आपल्या देशात आले होते. आमच्यासारखेच सुतार होते का हो ते?
– एक वाचक

उत्तर : गोष्टीपुरते तरी होतेच, आणि नुसते सुतार नाही, गवंडीसुद्धा. ‘थोमाची कृत्ये’ हा तिसऱ्या शतकातला, सिरियाक भाषेतला ग्रंथ. त्यात हब्बान नावाचा व्यापारी विचारतो, काय काम येतं? थोमा सांगतात : लाकडात नांगर, जू, वल्ही, डोलकाठ्या, दगडात खांब, देवळं, राजवाडे. तुमच्या कामाच्या यादीत डोलकाठ्या नसतील, बाकी सगळं जुळेल.

हब्बान त्यांना हिंदुस्थानातल्या गुंडफर राजाकडे आणतो. राजा वाडा बांधायला सांगतो. थोमा बोरूने जमिनीवर आखतात : दारं उगवतीला, खिडक्या मावळतीच्या वाऱ्याकडे, भटारखाना दक्षिणेला, पाणी उत्तरेला. काम थंडीच्या तोंडाला सुरू करून उन्हाळ्याआधी संपवतो म्हणतात, तर राजा चकित होतो. बांधकाम उन्हाळ्यात करतात, हा थंडीत कसा करणार?

इथे मी दरवेळी अडखळतो. माझे वडील शहापुरात गवंडी. दसरा झाला की पाया, मिरगाच्या आत कौलं चढलीच पाहिजेत, हा त्यांचा नेम. आपल्याकडच्या कुणाला थंडीतल्या कामाचं नवल वाटेल? गुंडफरचं राज्य वायव्येला होतं, तिकडे थंडी असते हे खरं. तरी मला ते वाक्य लिहिणाऱ्याच्या गावचं वाटतं. हा ग्रंथ एडेसाच्या परिसरातला मानतात. एडेसा म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं उर्फा.

पुढे राजाने दिलेला पैसा थोमा गोरगरिबांत वाटून टाकतात. राजा विचारतो, काम कुठवर आलं? निरोप जातो, छप्पर तेवढं राहिलंय. राजा आणखी सोनं पाठवतो! शेवटी येऊन बघतो तर एक वीटसुद्धा नाही. वाडा तुला मेल्यावर दिसेल, असं थोमा सांगतात आणि तुरुंगात जातात. त्याच रात्री राजाचा भाऊ गाद मरतो. स्वर्गात त्याला एक वाडा आवडतो, मी इथल्या खालच्या खोलीत राहीन म्हणतो. देवदूत म्हणतात, हा तुझ्या भावाचा. गाद परत जिवंत होऊन भावाला विनवतो, तो वाडा मला विकत दे!

गंमत अशी की गुंडफर हे नाव एकोणिसाव्या शतकापर्यंत बहुतेकांना या गोष्टीतलंच वाटे. मग त्याची नाणी सापडली. आजच्या पाकिस्तानातल्या तख्त-इ-बाही इथल्या शिलालेखावरून तो इ. स. ४६च्या सुमारास राज्यावर होता असं धरतात. म्हणजे राजा खरा. थोमा त्याला भेटले, याला मात्र या गोष्टीपलीकडे पुरावा नाही.

केरळची परंपरा निराळी. तिच्याप्रमाणे ते इ. स. ५२मध्ये कोडुंगल्लूरला उतरले आणि ७२मध्ये मैलापूरला भाल्याने मारले गेले. तुमच्या चित्रातला भाला तो. भाल्याऐवजी लिलीची फुलं असती, तर मी त्यांना योसेफ, म्हणजे मरियेचे पती, म्हटलं असतं. त्यांच्याही हाती गुण्या देतात, ते तर ठरलेलेच सुतार.